कापूस वेचणाऱ्या गायकाचं पुस्तक अन् लिहून घेणारा माणूस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पुरवणीत सुट्टीत काय वाचावं त्याची यादी येते आणि मी दरवर्षी कात्री घेऊन बसतो. त्यात राजकारणी असतात, क्रिकेटवाले असतात, शेअर बाजारात पैसा केलेले असतात, पण गाणारा माणूस क्वचितच, आणि असलाच तर शास्त्रीय गाणारा. अमेरिकेतल्या कंट्री गायकांची, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातून आलेलं गिटारवरचं गाणं गाणाऱ्यांची, आत्मचरित्रं तर कोणी सुचवतच नाही. आता तुम्ही म्हणाल नागपूरच्या माणसाले कायले पाह्यजे ते टोपीवाले गिटारवाले लोक. मलाही आधी असंच वाटायचं.

झालं काय, चार-पाच वर्षांपूर्वी सीताबर्डीला फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात जॉनी कॅश या कंट्री गायकाचं आत्मचरित्र 'कॅश' सापडलं, साठ रुपयात, मागचं कव्हर गायब. मी त्याचं एकही गाणं तेव्हा धड ऐकलेलं नव्हतं. उघडून पाहतो तर हा माणूस कापसाबद्दल बोलतोय! आर्कान्सामधलं डाइस नावाचं गाव, १९३५ साली सरकारी योजनेत याच्या बापाला २० एकर जमीन, घर आणि एक खेचर मिळालं, पोरगा तेव्हा तीन वर्षांचा. पुढे तोही शेतात. बोंडाची टोकं बोटांना कशी टोचतात, हात कसे बारीक बारीक जखमांनी भरतात हे त्यानं लिहिलंय ते वाचून मला वर्ध्याकडची आमची आजीच आठवली, कमरेला फडकं बांधून पऱ्हाटीत वाकलेली.

त्याचा मोठा भाऊ जॅक १९४४ मध्ये करवतीच्या यंत्रावर काम करताना कापला गेला आणि आठवडाभरात वारला. अपघाताच्या दिवशी हा मासे पकडायला गेलेला. अंत्यविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर परत शेतात, निंदणाला. आई सरीत गुडघ्यावर बसते, बाप उठवायला जातो तर ती त्याचा हात झटकते. मी तिथं पुस्तक बंद केलं आणि आईला फोन लावला, जमेल तसं मराठीत करून तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, हाव, निंदण थांबते काय कोणासाठी.

कॅशनी स्वतःवर दोन पुस्तकं काढली, १९७५ चं 'मॅन इन ब्लॅक' जरा प्रवचनाच्या अंगानं जातं, घ्यायचंच तर १९९७ वालं घ्या. गोळ्यांचं व्यसन, तुरुंगात जाऊन केलेले कार्यक्रम, सगळं त्यात आहे, आणि तो स्वतःला फार सोडत नाही.

दुसरं लॉरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर', १९७६. केंटकीच्या कोळसा खाणीतल्या मजुराची पोरगी, आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या वाचकाला तर हे घरचंच वाटेल. नवऱ्यानं १७ डॉलरची गिटार आणून दिली तिथून गाणं सुरू झालं, आणि तोच नवरा दारूडाही, भांडकुदळही, ती काही लपवत नाही. पुस्तकात ती सांगते की माझं लग्न तेराव्या वर्षी झालं. २०१२ मध्ये कागदपत्रं निघाली तेव्हा कळलं बाईंचा जन्म १९३२ चा, म्हणजे लग्नाच्या वेळी पंधरा! मला यात फार राग आला नाही, आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरनी टाकलेली जन्मतारीख अर्धं गाव आयुष्यभर वापरतंच की. पण आत्मचरित्र वाचताना एक डोळा उघडा ठेवावा हे मात्र खरं.

विली नेल्सन पण वाचा, 'इट्स अ लाँग स्टोरी', २०१५ चं. तोही लहानपणी टेक्सासमध्ये कापूस वेचलेला. १९९० मध्ये इन्कम टॅक्सवाल्यांनी त्याची मालमत्ता जप्त केली आणि या बाप्पानं थकबाकी फेडायला त्या खात्याच्याच नावाचा अल्बम काढला. १९८५ पासून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड' नावाचे कार्यक्रम करतोय, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्पला सोबत घेऊन. विदर्भात बसून हे वाचताना काय काय वाटतं ते इथं लिहीत नाही, पत्र लांबेल.

आणि चार्ली प्राइड. मिसिसिपीत वाट्यानं कापूस करणाऱ्या काळ्या कुटुंबातला पोरगा, सगळे गोरे गाणारे अन् गोरेच ऐकणारे अशा बाजारात शिरला. सुरुवातीच्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवल्या त्या फोटोशिवाय! आवाज आधी ऐकू दे, रंग मग बघतील. ज्या शहरात वामनदादा कर्डकांची गाणी दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर वाजतात तिथल्या माणसाला या न पाठवलेल्या फोटोचा अर्थ समजावून सांगायला लागत नाही. वामनदादांचं 'माझ्या जीवनाचं गाणं' आणि प्राइडचं पुस्तक एकामागे एक वाचा कधी. (बॉब डिलनचं 'क्रॉनिकल्स' पण चांगलं आहे, पण त्याची शिफारस करणारे पुष्कळ आहेत.)

आता मुद्द्यावर येतो, साहेब. यातली बहुतेक पुस्तकं या लोकांनी एकट्यानं बसून लिहिलेली नाहीत. लॉरेटाबाईंनी सांगितलं आणि जॉर्ज व्हेसी नावाच्या पत्रकारानं लिहून घेतलं, कॅशसोबत पॅट्रिक कार होता, विलीसोबत डेव्हिड रिट्झ, ज्यानं आधी रे चार्ल्स या गायकाचं पण केलं होतं. म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचं पुस्तक होऊ शकतं, समोर ऐकणारा पाहिजे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ करणारे म्हातारे शाहीर अजून आहेत, दिवाळीनंतर मंडईत रात्र रात्र गायलेले. त्यांच्यावर बातमी येते ती गेल्यावर, चार ओळींची, पान सात. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी या लोकांबद्दल काही आहे का विचारलं तर तिथल्या बाईंनी मला पाककृतीचं कपाट दाखवलं, दंडारचं काय ऐकू आलं देव जाणे.

माझे एक मामा ब्रह्मपुरीकडे आहेत, ऐंशी पार, खडी गंमतमध्ये ढोलकी वाजवायचे. गेल्या हिवाळ्यात मी मोबाईल ठेवून त्यांना बोलतं करायला गेलो, दीड तास रेकॉर्डिंग झालं. घरी येऊन ऐकतो तर पाच मिनिटं बोलणं आणि बाकी गाणंच गाणं, प्रश्न विचारला की मामा म्हणणार थांब, ते असं होतं, आणि खाटेच्या पाटीवर बोटं सुरू. मला लिहिता येत नाही हो, मी वीजमीटरच्या रीडिंगमधून रिटायर झालेला माणूस आहे, मला आकडे समजतात. तुमच्याकडे लिहिणारी तरुण पोरं आहेत. संक्रांतीनंतर मी परत चाललोय मामांकडे, माझी स्वतःची गाडी आहे, मागची सीट रिकामी असते, जेवण मामीच्या हातचं. कोणाला पाठवत असाल तर आधी कळवा, मामा दुपारी झोपतात.

आपला नियमित वाचक,
नागपूर