विहिरीचं पाणी चाखून ये

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, मेळघाटच्या अभ्यासदौऱ्याला नाव देऊ की नको. घरी कापसाचा दुसरा वेचा सुरू, बाया मिळत नाहीत, वर पाच दिवसांचा खर्च. तेव्हा आजी शेजारी बसली होती म्हणून नीट बोलता आलं नाही. नाव दे. पैशांचं बाबा बघतात, वेच्याचं मी बघते. पोरं-पोरी एकत्र मुक्कामाला, एवढंच आजीला खुपत होतं. दोन मॅडम सोबत आहेत आणि मुलींची सोय आश्रमशाळेत वेगळी आहे म्हटल्यावर तिने मान हलवली.

पण रात्री जागून लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गावाच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली तुझ्या गटाकडे आली आहे म्हणालीस. तशी प्रश्नावली मी एकदा पलीकडच्या बाजूने पाहिली आहे. तू तेव्हा पोटात होतीस.

एका कॉलेजची भूगोलाची मुलं आपल्या गावात आली होती. चौघं आपल्या ओसरीवर बसली, आजोबा खाटेवर. एक मुलगी विचारायची, एक मुलगा लिहायचा. जमीन किती, बैल किती, शिक्षण किती, कर्ज किती. कर्जाचं विचारलं तेव्हा शेजारचे तिघे ओट्याला टेकून ऐकत होते. आजोबांनी आकडा निम्मा सांगितला, तो तसाच कागदावर उतरला. मग सिंचनाचं साधन? ‘विहीर आहे,’ आजोबा म्हणाले. मी चहा ठेवायला बाहेर आले होते. वाकताना कागद दिसला. सिंचन : विहीर, एक. आणि त्याच्या वर, घरातल्या माणसांच्या यादीत, माझ्यापुढे : गृहिणी.

त्या विहिरीच्या पाण्याने आपल्या शेतातली एक सरीही कधी भिजली नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. दिलं तर जमीन चोपण होते, घट्ट बसते, वर पांढरट पापुद्रा धरतो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आणि ‘गृहिणी’ म्हणून जिला लिहिलं ती त्या सकाळी दोन ओळी निंदून घरी आली होती.

मुलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा मी माठातलं दिलं, चहाही त्याचाच केला. ते शहानूर धरणाचं, नळाला तीन-चार दिवसांआड येणारं, जपून ठेवलेलं गोड पाणी. पाहुण्याला कुणी खारं पाणी देत नाही. त्यामुळे खारपाणपट्ट्यात दिवसभर हिंडूनही त्यांच्या जिभेला खारं पाणी लागलंच नाही. विहिरीकडे कुणी गेलं असतं, एक ओंजळ तोंडात धरली असती, तर तो रकाना तसा भरला गेला नसता. मी बारावी शिकलेली, भूगोल माझा आवडता विषय. मला सांगता आलं असतं. पण सासरे बसलेत, नवी सून मध्ये कशी बोलणार? कप घेऊन आत गेले. ती मुलं परत आली नाहीत, त्यांचा अहवालही गावाला दिसला नाही.

ते मला एवढं का लागलं, तेही सांगते. माझं माहेर अंजनगावकडचं, गाविलगडच्या पायथ्याचं. तिकडे संत्र्याच्या बागा, केळी, पानमळे. विहिरीचं पाणी थेट पिण्याचं. तिथून तासाभराच्या एसटीवर मला दिलं आणि पहिल्याच दिवशी वरणाची डाळ दोन तास शिजली नाही. मला वाटलं, माझ्याच हातात काही कमी आहे. आजीने नंतर सांगितलं, हातात नाही, पाण्यात आहे. कारण कळायला बरीच वर्षं गेली. यंदा दिवाळीत तूच समजावलंस. डोंगरावरचा पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांतून खाली झिरपतो, म्हणून तिथलं पाणी गोड. पूर्णा नदीकडे यावं तसा गाळ बारीक आणि खोल होत जातो, शेकडो मीटर खोल, आणि चिकणमातीतलं पाणी वाहून न जाता मीठ धरून बसतं. अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही अंगांनी हीच पट्टी. ऐकताना मला त्या डाळीचं पातेलंच डोळ्यांपुढे दिसत होतं.

त्याच दिवशी तू १:५०,००० चा नकाशा ओसरीवर उलगडला होतास. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. आपल्या शिवारातल्या विहिरीच्या खुणेवर बोट ठेवून मी विचारलं, पाणी गोड की खारं हे यात कुठे लिहिलंय? तू म्हणालीस, ‘आई, ते जाऊनच पाहावं लागतं.’ म्हणून तुला पाठवते आहे.

बसमध्ये खिडकीशी बस आणि झोपू नकोस. कपाशी-तूर कुठे संपली, संत्रा कुठे सुरू झाला, परतवाडा सोडल्यावर साग कुठून लागला, लिहीत जा. आपलं गाव ३०० मीटरच्याही आत आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटर. चढताना कानात दडे बसतील. वर कॉफीची झाडं आहेत, ती विदर्भात आणखी कुठे पाहायला मिळायची नाहीत. थंडी कडक असते, गोधडी घेतल्याशिवाय जाऊ नकोस.

गावात गेल्यावर मात्र कागद लगेच काढू नकोस. तिथल्या कोरकू आदिवासींची भाषा मराठीच्या घरातली नाही, मुंडा कुळातली आहे, हे तुझंच शिकवणं. म्हणजे तुझा प्रश्न ज्या बाईपुढे जाईल तिला तो परक्या भाषेतला असेल आणि मान हलवून ती सुटका करून घेईल. आधी त्यांचे चार शब्द त्यांच्याकडूनच शीक. पहाटे बाया पाण्याला निघतील, त्यांच्यासोबत जा, एक हंडा तूही उचल. वाटेत जे कळेल ते ओसरीवर कळत नाही. कुटुंबप्रमुख म्हणून फक्त पुरुषाला विचारून उठू नकोस. चहा घेऊन बाहेर येणारी कोण आहे तेही बघ, आणि ती काय काम करते हे तिलाच विचार.

आणखी एक, हे मनापासून सांगते. मेळघाट म्हटलं की पेपरात कुपोषण. जो येतो तो मुलं किती आणि गेली किती, हे विचारतो. हातात पेन धरून आईला तो प्रश्न करू नकोस. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक, आणि ते रकान्यात बसलं नाही तरी चालेल. जंगलातून उठवून खाली वसवलेल्या गावांचंही तसंच. कर्ज, जमीन, मोबदला चारचौघांत विचारलास तर आजोबांसारखा निम्मा आकडा मिळेल आणि तुझ्या तक्त्यात तो खरा म्हणून जाईल. अहवाल झाला की एक प्रत त्या ग्रामपंचायतीला पोचव. सर नको म्हणाले तरी झेरॉक्सचे पैसे मी देते.

तिकडची सिपना नदी तापीला मिळते आणि आपली पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच. तू ज्या घरी बसशील त्यांचं पाणी आणि आपलं पाणी शेवटी एका पात्रात जातं, हे नकाशात पाहिल्यापासून मला ती माणसं लांबची वाटत नाहीत.

शनिवारी बाबा अमरावतीला येत आहेत. त्यांच्यासोबत डबा, गोधडी आणि तीन बाटल्या देते. एकीत आपल्या विहिरीचं पाणी भरलं आहे, झाकणावर तारीख लिहिली आहे. दोन रिकाम्या आहेत. एक अंजनगावला मामाच्या विहिरीवर भर, एक वरच्या गावात बाया जिथून पाणी भरतात तिथे. तुमच्या विभागात क्षार मोजायचं यंत्र आहे म्हणालीस ना, तिन्ही मोजून आकडे मला फोनवर सांग. मी लिहून ठेवीन.

तुझी,
आई