तबक मोडीत देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा बाबा म्हणाले, चांदीला भाव आलाय, ते जुनं तबक मोडीत देऊन चिनूच्या मुंजीसाठी ताट-वाटी करून घेऊ. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. कृपा करून थांबा.

दिवाळीत आले तेव्हा तबकाचे फोटो काढून ठेवले होते. काल रात्री ते मोठे करून पाहिले. मागच्या बाजूला तांदळाएवढे ठसे आहेत. पाऊल उचललेला सिंह म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. नांगर बर्मिंगहॅमचा! मी राहते त्या गावात 1773 पासून चांदीचा कस तपासून हा ठसा मारतात. शेजारी व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आहे, कर भरल्याची खूण. तो कर 1890 साली उठला. वर्षाच्या अक्षरावरून 1888 निघतं.

आजी नेहमी सांगायची, 1897 च्या हीरक महोत्सवात साहेबाने दिलं. पण पुढच्या बाजूला कोरलेला लेख वेगळंच सांगतो. घासून घासून तो इतका झिजलाय की आपण कुणी वाचायच्या भानगडीत पडलो नाही. आई, तू हळदीकुंकवाला तेच तबक काढतेस ना, ते कुंकू अक्षरांच्या खाचांत बसलंय. टॉर्च तिरपा धरून काढलेल्या फोटोत त्या तांबड्या रेघा वाचता आल्या. बाबांच्या पणजोबांचं नाव, कर्जत स्टेशन, 1889. आणि खाली, ‘कारकून, सांधेवाले व खलाशी यांजकडून’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. साहेबाचं नाव कुठेच नाही.

भोर घाटाचा चढ कर्जतहून सुरू होतो, गाडीला मागून जादा इंजिन लावतात. तिथे भर पावसात कंदील घेऊन सांधे बदलणाऱ्या माणसांनी पदरमोड करून हे दिलं. चार पिढ्या आपण साहेबाचे गोडवे गात राहिलो, याचं मला फार वाईट वाटलं. रात्री झोप लागली नाही.

बाबा, ताट-वाटीचे पैसे मी आजच पाठवते. आई, तबकाला यापुढे पावडर लावू नकोस, नुसतं मऊ सुती फडक्याने पुसत जा. मी मे महिन्यात येईपर्यंत अक्षरांतलं कुंकू तसंच राहू दे. खालच्या कडेला अजून एक ओळ आहे, ती मला तुमच्याजवळ बसून वाचायची आहे.

तुमची,
लेक