गेमवर बंदी नको, मॉड तपासून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले कम्प्युटरवरच्या गेमसाठी नाही नाही ते डाउनलोड करतात, त्यातून व्हायरस येतो, तेव्हा गेमच बंद करून टाका, असे एका पालकांचे पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात वाचले. आमच्या घरी नेमक्या याच कारणाने दिवाळीच्या तोंडावर मोठा घोटाळा झाला. तरीही त्यांचे म्हणणे मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत एकतीस वर्षे फिटर होतो. राहायला बोपोडीत, हॅरिस ब्रिज ओलांडला की कामाची जागा. चासीवर बसची बॉडी उभी राहते ती तिथे. नातू आता आठवीत आहे. तो लहान असताना रडायला लागला की मी त्याला खांद्यावर घेऊन शिवाजीनगरला एसटी बघायला न्यायचो. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होते.

तो खेळतो तो गेम युरो ट्रक सिम्युलेटर २. प्रागच्या एका कंपनीने २०१२ मध्ये काढलेला. युरोपातल्या रस्त्यांवरून माल पोचवायचा, आरसे बघायचे, वेग पाळायचा, डिझेल संपू द्यायचे नाही. मी शेजारी बसून पाहिला आहे, त्यात वावगे काही नाही. अशा गेममध्ये खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी बनवलेले सुटे भाग बसवता येतात, त्यांना मॉड म्हणतात. नवा ट्रक, नवा हॉर्न, नवा नकाशा. आमच्या पोराला हवी होती लालपरी, कपाळावर ‘पुणे–नगर’ पाटी असलेली. या हट्टाला मीच कारण आहे.

एका शनिवारी दुपारी त्याला एका व्हिडिओत तशी बस दिसली. व्हिडिओखाली लिंक होती. झिप फाइल उतरली. ती उघडायला पासवर्ड, तोही तिथेच लिहिलेला: १२३४. शिवाय सूचना अशी, की ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो.’ पोराने ऐकले. आत एकच फाइल, लाल बसचे चित्र असलेली. त्याने ती दोनदा दाबली. काळी खिडकी चमकून गेली, बस काही आली नाही. अजून एकदा दाबली. मग कंटाळून खाली खेळायला गेला.

माझी सून घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. सोमवारी रात्री तिचे ऑर्डरींचे खाते दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेले. मंगळवारी सकाळी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, ‘ताई, तुम्ही आगाऊ पैसे मागितलेत, नंबर वेगळा का?’ एका बाईंनी चार हजार भरूनही टाकले होते. सून सारखी एकच म्हणत होती, ‘बाबा, मला ओटीपी आलाच नाही हो. मी कोणाला दिला नाही.’ मुलगा तिच्यावर चिडला, ‘दिलाच असशील.’ दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. बुधवारी संध्याकाळी नातू जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, ‘आजोबा, शनिवारी मी एक फाइल उघडली होती.’

ते शनिवार ते बुधवार मला अजून छळतात. त्याच रात्री बोलला असता तर गिऱ्हाइकाचे पैसे जाते ना. का बोलला नाही? ‘पुन्हा काही गडबड केलीस तर कम्प्युटरच विकून टाकीन,’ असे त्याच्या बापाने महिनाभर आधी सुनावले होते म्हणून. पत्र लिहिणाऱ्या पालकांना हात जोडून सांगतो, बंदीची धमकी दिली की मूल गेम सोडत नाही, सांगायचे सोडते.

माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. त्याने ती फाइल स्वतः न उघडता दाखवली. विंडोज ओळखीच्या जातीच्या फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट, म्हणजे फाइल कोणत्या जातीची ते सांगणारी अक्षरे, मुळात दाखवतच नाही. आम्हाला नुसते ‘लालपरी.एससीएस’ दिसत होते, आणि एससीएस हे त्या गेमच्या मॉडचे शेपूट. भाच्याने फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण केली, तर त्याच नावापुढे उगवले ‘.ईएक्सई’. म्हणजे तो मॉड नव्हताच, चालणारा प्रोग्रॅम होता. बसचे चित्र कोणीही चिकटवू शकतो. दुसरी गोष्ट वजनाची. झिप जेमतेम चौदा एमबीची आणि आतली फाइल साडेसातशे एमबीची! भाचा म्हणाला, ‘मामा, आत सगळी शून्ये भरली आहेत. भुसा दाबला की चपटा होतो तशी झिपमध्ये दबतात.’ फाइल मुद्दाम फुगवतात, कारण खूप मोठी फाइल पुष्कळसे तपासणारे प्रोग्रॅम सोडून देतात. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एक फाइल सत्तरहून अधिक अँटिव्हायरसकडून तपासून मिळते, पण तिथेही मर्यादा ६५० एमबीची. चोराने एवढा हिशेब केलेला होता. आणि पासवर्ड कशाला, तर कुलूप असलेल्या झिपच्या आत तपासणाऱ्याला डोकावता येत नाही.

ओटीपीचे कोडे मला एसटीमुळेच उलगडले. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत शिरलो की ब्राउझर एक खूणचिठ्ठी जपून ठेवतो, कुकी म्हणतात तिला. मासिक पासासारखी. पास दाखवला की कंडक्टर पुन्हा पैसे मागत नाही. त्या प्रोग्रॅमने ब्राउझरमधले पासवर्ड आणि हे पास उचलून नेले. चोर सुनेचा पास दाखवून गाडीत चढला, मग ओटीपी कोण विचारणार? माझ्या सुनेने कोणाला काही दिले नव्हते, हे मी इथे मुद्दाम छापील अक्षरांत सांगतो.

मग आम्ही काय केले ते लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी कम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली. पासवर्ड बदलले ते मोबाइलवरून, त्या कम्प्युटरवरून नाही, नाहीतर नवे पासवर्डही चोराच्या हाती. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथून नव्याने बनतात. ईमेलमध्ये कोणी आपला मोबाइल नंबर घुसवला आहे का, टपाल आपोआप दुसरीकडे जाते आहे का, हेही पाहिले. आणि प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ दाबले. पासवर्ड बदलला की काम झाले असे मला वाटत होते. पण कित्येक ठिकाणी जुना पास तरीही चालतच राहतो, तो असा रद्द करावा लागतो. बँकेला कळवले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे वेळेला फार किंमत आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तर अडवता येतात. आमचे चार हजार तोवर सरकले होते. सुनेने त्या बाईंना ते स्वतःच्या पैशातून परत केले, वर चिवड्याचे पाकीट दिले. शेवटी कम्प्युटर पुसून विंडोज नव्याने घातले. फोटो परत घेतले, प्रोग्रॅम एकही नाही. अँटिव्हायरस ‘सर्व ठीक’ म्हणाला म्हणून भाचा थांबला नाही, ते बरे झाले.

यात गेमचा दोष काय? त्या गेमचा खरा मॉड एससीएस शेपटाची फाइल असतो. ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात, ‘मॉड’ नावाच्या उपफोल्डरात ठेवायची आणि गेम उघडून मॉड मॅनेजरमध्ये चालू करायची. बस एवढेच. त्या फाइलमध्ये चित्रे, आकार, आवाज असतात आणि त्या गेमनेच उघडायच्या असतात. दोनदा दाबून चालवायचे काही नसतेच. म्हणून अशा मॉडला इन्स्टॉलर कोणी देऊ लागला तर तिथेच थांबावे. कार्यशाळेत आम्ही स्टोअरमधून आलेला नटसुद्धा आटे बघून मग लावायचो. इथे नुसते शेपूट बघितले तरी अर्धी तपासणी होते.

सगळे गेम असे नसतात, हे मात्र मुलांनी समजून घ्यायला हवे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे मॉड जार फाइलमध्ये येतात आणि जार म्हणजे पुरता प्रोग्रॅम, कम्प्युटरवर वाटेल ते करू शकतो. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉड मिळण्याच्या नावाजलेल्या ठिकाणीच काही मॉडमध्ये घातक प्रोग्रॅम निघाला. ‘फ्रॅक्चरायझर’ असे त्याचे नाव पडले. तो कम्प्युटरवरच्या दुसऱ्या जार फाइलींतही स्वतःला घुसवत होता. त्याआधी २०१५ मध्ये जीटीए ५ या गेमच्या ‘अँग्री प्लेन्स’ आणि ‘नो क्लिप’ या मॉडमध्येही असाच प्रकार सापडला होता. डीएलएल फाइल (तीही प्रोग्रॅमचाच तुकडा) असलेले मॉडही याच जातीचे. तेव्हा मोठ्या ठिकाणावरून घेतले म्हणजे निर्धास्त, असे नाही. मात्र मोठ्या ठिकाणी बोंब लवकर होते आणि फाइल काढली जाते. म्हणून आमच्याकडे नवा मॉड, किंवा जुन्याची नवी आवृत्ती, आली त्या दिवशी घेत नाही. आठ-दहा दिवस इतरांना वापरू देतो, तक्रारी वाचतो, बनवणाऱ्याची आधीची कामे पाहतो. नातू धुसफुसतो, पण थांबतो.

घरात आणखी एक बदल केला आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. कम्प्युटरवर नातवाचे वेगळे, ॲडमिन (म्हणजे सगळे अधिकार असलेले) नसलेले खाते काढले. त्यात कोणाचा ईमेल नाही, बँक नाही, ऑर्डरींचा हिशेब नाही. सुनेचे खाते वेगळे, त्याला वेगळा पासवर्ड. नुसते ॲडमिन काढून भागत नाही, कारण असले चोर ज्या खात्यात शिरतात त्याच खात्याचा खण उपसतात आणि त्यासाठी त्यांना ॲडमिनची परवानगी लागतही नाही. खण वेगळे असले की शेजारच्या खणाला सहज हात लागत नाही. विंडोजबरोबर फुकट येणारे डिफेंडर चालू ठेवले आहे. एखाद्या चांगल्या मॉडलाही ते कधी कधी अडवते, हे खरे. तेव्हा आम्ही मॉड सोडतो, डिफेंडर बंद करत नाही. शिवाय मॉड लावण्याआधी गेमचे ‘प्रोफाइल्स’ फोल्डर (आजवर खेळलेले त्यात साठते) पेनड्राइव्हवर उतरवायचे आणि एका वेळी एकच मॉड लावायचा. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी आवाज करू लागली तर कोणत्या भागाने, हे कसे कळणार?

जानेवारीत नातवाला दुसऱ्या कोणी बनवलेली लाल बस सापडली. त्याने मला बोलावले, शेपूट दाखवले, वजन दाखवले, व्हायरसटोटलवर टाकून दाखवली (तिथे घरची कागदपत्रे मात्र टाकू नयेत, ती इतरांच्या नजरेस पडू शकतात). बस लागली. जर्मनीतल्या रस्त्यावरून ‘पुणे–नगर’ पाटीची गाडी निघाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. ती बनवणाऱ्याने टपावर चढायची मागची शिडीसुद्धा सोडलेली नाही. कोणी तरुण मुलगा असावा. कुठल्याशा गावच्या स्टँडवर तासन्‌तास गाड्या बघितल्याशिवाय हे जमत नाही.

अशा मुलांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती. तुम्ही मॉड टाकता तिथे खाली मराठीत चार ओळी लिहा: फाइलचे पूर्ण नाव काय, वजन किती, कोणत्या फोल्डरात ठेवायची, आणि यात इन्स्टॉलर नाही, पासवर्ड नाही, अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही. आमच्या पोराने अशा चार ओळी एकदा जरी आधी वाचल्या असत्या, तर त्या शनिवारी १२३४ टाकताना त्याचा हात अडखळला असता.

आणि संपादक महोदय, आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर फाइलचे शेपूट कसे पाहायचे एवढे तरी चित्रासह छापावे. आमच्या सोसायटीतल्या सात मुलांना मी ते दाखवले. त्यांतल्या पाच जणांच्या कम्प्युटरवर शेपटे लपलेलीच होती.

आपला,
दापोडी कार्यशाळेतील एक निवृत्त फिटर,
बोपोडी, पुणे

(नातवाचे वय लक्षात घेऊन माझे नाव छापू नये, ही विनंती.)