दुसऱ्या टप्प्याचं काम

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आई मागून बोलत होती म्हणून फोनवर अर्धवटच सांगितलं. जखमींना विमानातून आणणाऱ्या पथकासाठी मी नाव दिलं होतं, ते मंजूर झालं. रविवारी रुजू होतेय. रागवायचं तर दोघांनी मिळून रागवा, आईनं एकटीनं नको. तिचं बीपी मला माहीत आहे.

आघाडीवर उतरतात ती हेलिकॉप्टरं वेगळी. ती जखमींना फील्ड हॉस्पिटलला आणतात, तिथे रक्तस्राव थांबवतात, मग मोठ्या विमानात आमच्याकडे. रेड क्रॉसच्या विमानाला 1949 च्या जिनिव्हा कराराचं संरक्षण असतं. (मार्ग, वेळ, उंची दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असेल तरच. बाबा, तुम्ही शोधून काढालच, म्हणून आधीच सांगते.)

"हवेत काय नर्सिंग करणार?" असं आई म्हणाली ना? अगं, तिथेच खरं लक्ष लागतं. वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. छातीत हवा साठलेल्या जवानाला नळी घातल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. श्वासनळीतल्या नळीचा फुगासुद्धा बरेचदा हवेऐवजी सलाईननं भरतात. आवाज इतका की स्टेथोस्कोप गळ्यात नुसता लटकतो. नाडी बोटांनी बघायची, बाकी मॉनिटरवर. स्ट्रेचर रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक. कोरियाच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरच्या बाहेर बांधलेल्या स्ट्रेचरवर आणायचे. त्या मानानं आमचं चैनीचंच म्हणायचं.

झोपायला पलंग आहे, जेवण गरम मिळतं, आतून घालायचे लोकरीचे कपडेही दिलेत. मला गाडी लागायची, बाबा खिडकीशी बसवून सगळा रस्ताभर पाठ चोळायचे, आठवतं? आता नाही लागत. थोडी लागलीच तर गोळी आहे.

आबांच्या वेळी जे झालं ते मनात आणू नका. तेव्हा न्यायला कुणी आलंच नाही. मी नाव का दिलं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता ऐका. आई, बीपीची गोळी सकाळीच, पूजा झाल्यावर नाही. बाबा, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, दादा येतोय. टीव्हीवर विमान दिसलं की ते माझंच असं धरून बसू नका. उत्तर बाबांनी लिहावं, पण आई सांगेल तस्सं, तिचं रागावणं न गाळता.

तुमची,
छकुली