बोंडू आमचे, भट्टी सत्तरीत

मा. संपादक,

गेल्या एप्रिलमध्ये मावशीच्या सासरी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गेलो होतो, वाळपईच्या पुढे, तिथे शेजाऱ्यांची काजूच्या बोंडूपासून (बीला लागून असलेल्या रसाळ फळापासून) दारू गाळायची भट्टी आहे, तिसरी पिढी चालवतेय. ती बघून आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये, की आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात बागवाल्या कुटुंबांना अशा भट्टीचा परवाना का मिळू नये, म्हणून लिहितोय.

तिथे झाडावरचा बोंडू कुणी तोडत नाही, आपोआप खाली पडलेलाच गोळा करतात कारण तोच खरा पिकलेला. बी पिरगळून काढायची आणि बोंडू कोळंबीत टाकून पायाने तुडवायचे (कोळंबी म्हणजे दगडात कोरलेलं कुंड, खायच्या कोळंबीशी संबंध नाही). चोथ्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ रस गळतो तो नीरो, मला ग्लासभर दिला, अजून चव जिभेवर आहे. तुडवलेला रस दोन-तीन दिवस नुसता ठेवला की आपसूक आंबतो, यीस्ट वगैरे काही नाही, मग तांब्याच्या भाणात (गाळायच्या हंड्यात), खाली लाकडाचा जाळ. पहिल्यांदा गाळली की हुर्राक, ती सौम्य असते, सीझनमध्येच संपवायची. तीच परत आंबलेल्या रसात घालून पुन्हा गाळली की फेणी. घरातले आजोबा बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात आणि कडक झाली की नाही सांगतात, आणि सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत असतं!

काजू फेणीला 2009 साली जीआय (त्या भागाचंच उत्पादन म्हणून भौगोलिक मानांकन) मिळाला, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला हेरिटेज दर्जा दिला. आणि आमच्या दोडामार्गात? वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारख्या जाती दिल्या, बागा वाढल्या, पण आम्ही बी विकतो आणि बीच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू झाडाखाली कुजू देतो, नाहीतर मिळेल त्या दराने टेम्पोत भरून गोव्याला पाठवतो. इकडे परवान्याशिवाय भट्टी लावली तर गुन्हा, आणि परवाना छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा नाही.

कुणी म्हणेल हा दारूची वकिली करतोय. दारूने बसलेली घरं मीही बघितलीत, आमच्याच वाडीत आहेत, त्यामुळे गावातल्या बायांचा विरोध असेल तिथे भट्टी नकोच, ग्रामसभेला विचारूनच द्या. पण गोव्यात काजूच्या बागांचे झोन (ठरवून दिलेले भाग) लिलावात देऊन उत्पादन शुल्क खातं सगळ्यावर लक्ष ठेवतं, मग आपल्याला का जमू नये? फक्त परवाना मोठ्या कंपनीला न देता बाग असलेल्या कुटुंबाला द्या, काजूच्या सीझनपुरता, फी त्याला झेपेल एवढीच ठेवा. आणि ज्यांना दारू नकोच त्यांना नीरो, सरबत, व्हिनेगर करायला गावातच कोल्ड स्टोरेज द्या, कारण बोंडू दुसऱ्या दिवशीच खराब होतो.

फेब्रुवारीत बोंडू परत पडायला लागतील. त्याआधी निदान दोडामार्ग आणि सावंतवाडीत चार-पाच कुटुंबांना तरी परवाने देऊन बघा एवढीच विनंती.

आपला एक वाचक, दोडामार्ग