कात्री उचलण्याआधी

डोंबिवली,
१४ एप्रिल

प्रिय वैशू,

काल तू "कापूनच टाकते आता" म्हणालीस आणि फोन ठेवल्यावर मला राहवेना. अगं, कमरेपर्यंतचे केस! महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात ते. सात-आठ वर्षांची कमाई आहे तुझी. नागपूरचा उन्हाळा आणि सातची शाळा, दोन्ही कबूल. पण मान उकडते ती मोकळ्या केसांनी. वर बांधले की तीच मान सुटते, आणि बांधायला दोन मिनिटं पुरतात. मी लोकलच्या घाईत रोज बांधते, म्हणून सांगतेय.

माझी आजी आठवते ना तुला? आरशाशिवाय, बोलता बोलता अंबाडा घालायची. एकही आकडा नाही. "पीळ नीट दिला तर आकडे कशाला?" म्हणायची. मी तेव्हा हसायचे. आता कळतंय, सगळी मेख त्या पिळातच आहे. केस मानेच्या जरा वर एका मुठीत धर आणि एकाच दिशेने पीळ देत जा. पुरेसा पीळ पडला की केस आपणहून वेटोळं घालू लागतात. मग त्याच दिशेने मुळाभोवती गुंडाळ आणि टोक खालून आत खोच. दिशा उलटी झाली की संपलं, दाराच्या बाहेर पडेपर्यंत अंबाडा पाठीवर.

तुझे केस जड, म्हणून दोन यू-पिना लाव. त्या आपण आयुष्यभर चुकीच्या लावल्या गं! सरळ आत खुपसायच्या नसतात. पिनेची टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवून कडेची थोडी बट पकडायची, डोक्यालगतचे चार केस घ्यायचे, आणि मग पिन उलटी फिरवून मधोमध ढकलायची. घट्ट बसते. चपट्या काळ्या पिनेचं तर मला पस्तिशीनंतर कळलं. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, वर नाही. नागमोडी ती शोभेसाठी, अशी माझी समजूत!

पिन सापडली नाही तर तुझ्याकडे पेन्सिल आहेच. अंबाड्याच्या वरच्या कडेतून घाल, आत डोक्यालगतचे केस उचल, खालून बाहेर काढ. फक्त वर्गात कोणी "बाई, पेन्सिल द्या ना" म्हटलं तर सवयीने उपसू नकोस.

फार उकडेल त्या दिवशी शाळेतल्यासारख्या दोन वेण्या घाल, सैलसर. लाल रिबिनी नकोत, तेवढं पुरे झालं आपल्याला. डावी वेणी मानेवरून उजवीकडे ने, उजवी डावीकडे, आणि टोकं एकमेकींखाली खोचून पिना लाव. वजन दोन्हीकडे विभागलं जातं, त्यामुळे संध्याकाळी डोकं ठणकत नाही. मला अंबाड्यापेक्षा हेच जास्त आवडतं. क्लचरचं नाव काढू नकोस, तुझ्या केसांत त्याचे दात टिकायचे नाहीत.

न्हायल्यावर मात्र लगेच बांधू नकोस. ओले केस ताणले जातात आणि तुटतात. शिवाय नुकते धुतलेले केस निसटतात, दुसऱ्या दिवशी पकड चांगली येते. म्हणून मी रविवारी न्हाते आणि सोमवारचा अंबाडा माझा सगळ्यात देखणा असतो. आणि रोज एकाच जागी कचकचून आवळू नकोस. दोन वर्षं तसं केलं आणि माझ्या कानशिलांवरचे केस विरळ झाले. आता जागा बदलते, सैल ठेवते, तेव्हा कुठे बारीक लव दिसायला लागलीय.

परवा चुलत बहिणीच्या लग्नात नऊवारीवर खोपा घालून घेतला, पार्लरमध्ये. आत गंगावन, वर स्प्रे. सुंदर दिसला, नाही कशाला म्हणू? पण रात्री सोडताना सदतीस पिना निघाल्या, मोजल्या मी. आजी असती तर काय बोलली असती!

मे महिन्यात येशील तेव्हा दादरच्या फूलबाजारात जाऊ. मोगरा भरपूर असेल. अबोली मिळाली तर तीही घेऊ, वास नसला तरी लवकर कोमेजत नाही. तोवर पार्लरची वेळ घेतली असशील तर रद्द कर, आणि पहिला अंबाडा जमला की मागून फोटो काढून पाठव.

तुझी,
मंजू