सातपूरच्या काकांना, त्या काळ्या डब्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

प्रयोगातला मंद उजेड मोजण्यासाठी तुम्ही आम्हाला काळा डबा बनवून दिलात. त्यात दिवा नाही, मग उजेड कुठून येतो, असं तुम्ही विचारलं होतंत. डबा घेताना उत्तर घाईत दिलं गेलं. ते नीट देणं हाही आभाराचाच भाग आहे.

उजेड इलेक्ट्रोडवर, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या तुकड्यावर, तयार होतो. द्रावणात रुथेनियमचं संयुग १ मिलिमोलर आणि ट्रायप्रोपिलअमाइन १०० मिलिमोलर असतं. प्लॅटिनमला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत सुमारे १.२ व्होल्ट दिले की दोघंही एकेक इलेक्ट्रॉन गमावतात. अमाइन लगेच एक प्रोटॉनही सोडतं, आणि जे उरतं ते इलेक्ट्रॉन देऊन टाकायला उतावीळ असतं. तो रुथेनियमला मिळतो, पण ऊर्जेच्या वरच्या पायरीवर. तिथून खाली उतरताना ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-लाल प्रकाश पडतो. रुथेनियम पुन्हा कामाला तयार, अमाइन मात्र खर्ची पडतं. म्हणून ते शंभरपट घ्यायचं. थायरॉइडसाठीची टीएसएच ही रक्ततपासणी अनेक ठिकाणी याच तत्त्वावर होते.

हा उजेड इतका मंद की वायरच्या भोकातून शिरलेली तिरीपही त्याला गिळते. तुम्ही भोक सरळ न पाडता काटकोनात वळवलंत, आतून चकाकी नसलेला काळा रंग दिलात, हे फार मोलाचं. त्याहून मोलाचा झाकणाखालचा मायक्रोस्विच: झाकण उचललं की फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे मंद उजेड मोजणाऱ्या नळीचा, हाय व्होल्टेज आधी बंद. चालू नळीवर खोलीतला उजेड पडला तर ती कायमची बाद होऊ शकते.

डाय (धातूचा साचा) पॉलिश करताना दाबायचं नाही, कापड ओलं ठेवायचं, हेही तुम्हीच दाखवलंत. आता इलेक्ट्रोड आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनावर, इंग्रजी आठच्या आकारात फिरतो. नंतर दोन मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये, नाहीतर पावडर चिकटून राहते. प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थर चढला की अमाइनचं ऑक्सिडीकरण मंदावतं आणि प्रत्येक फेरीत उजेड घटत जातो. दोष द्रावणाचा वाटतो, असतो पृष्ठभागाचा.

द्रावणाची खोड वेगळी. १०० मिलिलिटरला १.४३ ग्रॅम अमाइन टाकलं की पीएच चढतो आणि ते तेलासारखं वर तरंगतं. फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत, ढवळत ७.५ वर आणलं की विरघळतं. मग दहा मिनिटं नायट्रोजन, कारण ऑक्सिजन उजेड विझवतो.

झाकणाची फोमपट्टी झिजली की डबा तुमच्याकडेच घेऊन येऊ.

आपले,
रसायनशास्त्र विभागातील विद्यार्थी, नाशिक